स्मृती आणि करुणा : रोजच्या जगण्यातला धम्म



दर रविवारी सकाळी आपण विहारात जमतो. मेणबत्ती-अगरबत्ती लावतो, त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो, वंदना म्हणतो. तोंड पाली गाथा म्हणत असते आणि मन मात्र मुलाच्या अॅडमिशनमध्ये, खिशातल्या मोबाईलमध्ये, नाहीतर गेल्या सभेत ज्यांच्याशी आपले वाजले त्या गृहस्थांच्या पाठमोऱ्या मानेवर खिळलेले असते. हे मी दुसऱ्या कोणाविषयी लिहीत नाही. चाळीस वर्षे वंदना म्हणत आलेल्या माझ्याविषयीच लिहितो आहे. गाथा एकही चुकत नाही, पण म्हणणारा जागेवर नसतो.

हे जागेवर असणे म्हणजेच 'सति'. या पाली शब्दाने आपल्या विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. सती जाण्याच्या दुष्ट रूढीशी त्याचा काहीही संबंध नाही. संस्कृतातील 'स्मृती' या शब्दाचे ते पाली रूप आहे. पण स्मृती म्हटले की आपल्याला दुसरेच पुस्तक आठवते, जे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आले. तेही येथे अभिप्रेत नाही. येथे स्मृती म्हणजे भान, सावधपणा. मी आता काय करतो आहे, काय बोलतो आहे, माझ्या मनात काय चालले आहे, याची त्या त्या क्षणी असलेली जाण. अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृती ती हीच. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिचा अर्थ अगदी सोपा करून सांगितला आहे. मनाची अखंड जागृती आणि दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा, असा तो अर्थ आहे.

पहारा हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. पहारेकरी डोळे मिटून बसत नाही. ध्यान म्हणजे डोळे मिटून जगापासून दूर जाणे, असा समज आपल्यातही बराच पसरलेला आहे. भगवंतांनी कुरू देशातील कम्मासदम्म या गावी जे सतिपट्ठान सुत्त सांगितले, त्यात श्वासाकडे लक्ष देणे आहेच. परंतु चालणे, उभे राहणे, बसणे, चीवर पांघरणे, खाणे-पिणे, इतकेच काय शौचाला जाणे, या सर्वांचे भान ठेवायलाही सांगितले आहे. काया, वेदना, चित्त आणि धम्म ही स्मृतीची चार क्षेत्रे आहेत आणि चारही आपण घरी, कचेरीत, लोकलच्या गर्दीत बरोबर घेऊनच फिरत असतो. त्यासाठी डोंगरावर जावे लागत नाही.

आपले पाचवे शील पाहा. मद्यापासून अलिप्त राहण्याची प्रतिज्ञा आपण घेतो, पण तिच्यातील 'पमादट्ठाना' या शब्दाकडे किती जणांचे लक्ष जाते? पमाद म्हणजे बेसावधपणा. मद्य वर्ज्य का, तर ते बेसावधपणाचे घर आहे म्हणून. ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, पण जो रागाच्या झिंगेत बायकोवर, मुलांवर, हाताखालच्या माणसावर तुटून पडतो, त्याने या शीलाचे अक्षर पाळले इतकेच म्हणता येईल.

विद्यार्थ्यांनी निदान एक सुत्त अवश्य अभ्यासावे, असे मी सुचवीन. मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त. परंपरा सांगते की राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता. भगवंत राजगृहाच्या वेळुवनातून त्याच्याकडे आले, त्याने पाय धुण्यास पाणी दिले. भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून भगवंतांनी सांगितले की जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेच उरते. मग ते पाणी ओतून टाकले, भांडे पालथे केले. मुलाला शिकवायचे कसे, याचा हा उत्तम नमुना आहे. शिक्षकांनी तर तो पाहावाच. पुढे आरशाचा दृष्टांत येतो. आरसा कशासाठी? पाहण्यासाठी. तसेच कायेने, वाचेने, मनाने काही करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे, करून झाल्यावरही पाहावे की यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय. होत असेल तर थांबावे. आणि कायेने वा वाचेने झालेले कृत्य पीडादायक ठरले, तर ते शास्त्यासमोर किंवा सुज्ञ सहकाऱ्यांसमोर उघड करावे, पुढे संयम ठेवावा.

सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या आपल्या शिलालेखात जी थोडी बुद्धवचने भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावीत असे सुचविले, त्यांत खोटे बोलण्याविषयीचा हा राहुलाचा उपदेश आहे. आज तो शिलालेख कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. एवढे राज्य चालविणाऱ्या माणसाने एका लहान मुलाला केलेला उपदेश निवडावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता उघड करण्याविषयी. काही वर्षांपूर्वी मी एका वस्तीतील अभ्यासिकेचे काम पाहत होतो. दहावीचा एक मुलगा रोज संध्याकाळी येई आणि पुस्तक उघडून तासाभरात टेबलावर डोके ठेवून झोपे. दोनदा मी समजावले. तिसऱ्यांदा सर्व मुलांसमोर त्याला उठवून उभे केले आणि म्हणालो, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे आणि तुला इथे झोपायला खुर्ची पाहिजे काय? जागा अडवू नकोस, दुसऱ्याला मिळू दे." मुले हसली. त्याने वह्या गोळा केल्या आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवडा झाला तरी आला नाही. मग त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने सांगितले की त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, तो पहाटे साडेतीनला उठून पेपरच्या गठ्ठ्यांवर जातो, पेपर टाकतो आणि तिथून शाळेत जातो.

या प्रसंगाकडे मी नंतर आरशातून पुष्कळदा पाहिले आहे. मी बोललो त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते, उलट बाबासाहेबांचेच नाव होते. पण बोलण्याआधी माझ्या छातीत ऊब चढली होती, जबडा आवळला होता. मुले पाहत आहेत, आपला वचक राहिला पाहिजे, हा विचार येऊन गेला होता. कायेची, वेदनेची आणि चित्ताची एवढी चिन्हे समोर होती आणि पहारेकरी झोपलेला होता. त्या अभ्यासिकेत त्या संध्याकाळी झोपलेला तो एकटा नव्हता. दोन श्वास थांबलो असतो तर "रात्री झोप होत नाही काय रे?" एवढा प्रश्न सुचला असता. करुणेला फार काही लागत नाही, पण विचारायला लागणारा तो क्षण लागतो, आणि तो स्मृतीवाचून मिळत नाही.

स्मृती आणि करुणा यांचे हे नाते संयुत्त निकायातील सेदक सुत्तात फार सुंदर रीतीने आले आहे. बांबूवर कसरती करणारा एक डोंबारी आपल्या मेदकथालिका नावाच्या शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ नीट होईल आणि बिदागी मिळेल. शिष्य म्हणतो, आचार्य, तसे नव्हे. तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो. भगवंत शिष्याची बाजू घेतात आणि तेथेच न थांबता पुढे सांगतात की स्मृतीच्या अभ्यासाने स्वतःला राखणारा दुसऱ्यालाही राखतो. आणि क्षमा, अहिंसा, मैत्री व अनुकंपेने दुसऱ्याला राखणारा स्वतःलाही राखतो. रस्त्यावर खेळ करणाऱ्या, समाजाने खालच्या मानलेल्या माणसांच्या तोंडचा संवाद भगवंतांनी धम्म सांगण्यासाठी घेतला, हेही आपण विसरू नये.

करुणा म्हणजे कीव नव्हे. कीव वरून खाली पाहते. विनयपिटकात अतिसाराने आजारी, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची हकीकत आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नसे म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, आणि एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. नंतर शुश्रूषा करणारा कसा असावा हेही सांगितले. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय अपथ्य काय हे कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने त्याने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस करू नये आणि वेळोवेळी धीराचे बोल सांगावेत. घरात वृद्ध आई-वडील असलेल्या प्रत्येकाने हे पाच गुण एकदा स्वतःशी ताडून पाहावेत. यांतले निम्मे करुणेचे आहेत आणि निम्मे सावधपणाचे, पण कोणते कुठे संपतात ते सांगता येणार नाही. बाबासाहेब याच्याही पुढची पायरी दाखवितात. करुणा माणसांपुरती, मैत्री प्राणिमात्रांसाठी.

अभ्यास कसा करावा, असे मुले विचारतात. मी स्वतः जे करतो तेवढेच सांगतो. सकाळी वंदनेनंतर दहा मिनिटे श्वासाकडे पाहतो. मन पळते, परत आणतो. पळाले म्हणून त्याच्यावर चिडत नाही. फोन वाजला की उचलण्यापूर्वी एक श्वास. जेवताना पहिले पाच घास टी.व्ही.शिवाय. हे फार क्षुल्लक वाटेल, पण राग आल्यावर सापडणारा दुसरा श्वास याच सवयीतून येतो. ज्यांना सलग शिकायचे आहे त्यांच्यासाठी इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात. मात्र शिबिरातून येऊन घरच्यांना मौनाचे धडे देऊ नयेत.

त्या मुलाच्या घरी मी गेलो. ओट्यावर बसून त्याची माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, "काका, तुम्ही बरोबरच बोललात." ते ऐकणे मला त्याच्या गैरहजेरीपेक्षा जड गेले. त्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही. पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून १७ नंबरचा फॉर्म भरला आणि तो बाहेरून बसला, पण अभ्यासिकेत तो पुन्हा आला नाही, वाटेत भेटला की बोलतो. अभ्यासिकेच्या मागच्या भिंतीशी आम्ही तेव्हापासून एक सतरंजी टाकून ठेवली आहे. ज्याला झोप येईल त्याने अर्धा तास पडावे, शेजारच्याने उठवावे, आणि वहीत नाव लिहिण्याची गरज नाही.