लघवीतून प्रोटीन जातंय? मग पावडरचा डबा आणू नका

रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन ++’ दिसलं की पुढच्या भेटीला पेशंटच्या हातात प्रोटीन पावडरचा डबा असतो. हे हल्ली इतक्यांदा होतंय की लिहिणं भाग आहे.

परवा एसटीतून निवृत्त झालेले एक काका आले. जुना मधुमेह, वजन साठ किलो, आणि नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडत होता. जिमला जाणाऱ्या पुतण्याने डबा आणून दिलेला. रोज दुधातून दोन मापं, शिवाय चार उकडलेली अंडी. “लघवीतून प्रोटीन जातंय ना डॉक्टर, मग भरून नको काढायला?” वर पुतण्याने मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला. व्हिडिओतल्या माणसाचे दंड उत्तम होते, एवढंच मी म्हणू शकतो.

हा हिशेबच चुकीचा आहे. दिवसाला साडेतीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रोटीन लघवीतून जायला लागलं की आम्ही डॉक्टर ते गंभीर मानतो. आता एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे ही मर्यादा गाठली तरी रोज जातं ते साधारण अर्ध्या अंड्याइतकं! तेवढं तर पोळी-वरणातूनही मिळतं. चिंता गेलेल्या प्रोटीनची कमी आणि ते जाऊ देणाऱ्या गाळणीची जास्त असते. किडनीतल्या या सूक्ष्म गाळण्या धड असताना रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन जवळपास सगळं आत अडवतात. साखर आणि बीपी वर्षानुवर्षं चढे राहिले की त्या सैल पडतात. अशा वेळी प्रोटीनचा मारा केला तर त्यांच्यावरचा दाब आणखी वाढतो, आणि गळती कमी होण्याऐवजी वाढते.

काकांच्या वजनाला, त्यांच्या किडनीच्या अवस्थेत, दिवसाला अठ्ठेचाळीस-पन्नास ग्रॅम प्रोटीन पुरे. किलोमागे ०.८ ग्रॅम असा तो हिशेब. डब्याच्या एका मापातच वीस-पंचवीस ग्रॅम असतं, म्हणजे दोन मापं आणि चार अंड्यांतच दिवसाचा कोटा संपला.

लगेच दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. असं काही वाचून डाळ, दूध, मटकी बंद करणारे पेशंट मला ठाऊक आहेत. महिन्याभरात ते गळून जातात. किडनी निरोगी असेल तर रोजची उसळ, अंडी, मासे बिनधास्त खा. आपल्या कितीतरी घरांत, विशेषतः बायकांच्या ताटात, प्रोटीन कमीच पडतं. आणि डायलिसिसवर असलेल्या पेशंटना तर नेहमीपेक्षा जास्त प्रोटीन लागतं. तेव्हा शेजाऱ्याचा आहारतक्ता आपल्या फ्रिजवर चिकटवू नका.

लघवीतल्या अल्ब्युमिनचा किडनीशी संबंध रिचर्ड ब्राइट या लंडनच्या डॉक्टरांनी १८२७ मध्ये मांडला. सूज आलेल्या पेशंटची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची. अल्ब्युमिन असेल तर ती गढूळ होऊन साकळायची. आज चमचा-मेणबत्ती नको, पण साध्या लघवी तपासणीवरही विसंबू नका. मधुमेहातली सुरुवातीची गळती तिच्यात बरेचदा दिसत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागावं लागतं. ते ३० च्या आत हवं; ३०० च्या वर म्हणजे प्रकरण पुढे गेलंय. हा आकडा तिशीच्या पुढे सरकतो तेव्हा ना सूज असते, ना फेस, ना दुखणं. “मला काहीच त्रास नाही” हे वाक्य म्हणूनच मी ऐकून सोडून देतो.

एकदाच ‘+’ आलं म्हणून घाबरू मात्र नका. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीचा जबर व्यायाम यांनीही तेवढं येतं आणि जातं. तपासणी पुन्हा करूनच निदान होतं. पण लघवीला रोजच न विरणारा फेस येत असेल, सकाळी डोळ्यांखाली सूज आणि संध्याकाळी पायांवर मोज्याचे वळ उमटत असतील, आठवड्यात दोन-तीन किलो वजन वाढलं असेल, तर डॉक्टर गाठा. लघवी लाल किंवा चहाच्या रंगाची झाली, अगदी कमी झाली किंवा धाप लागू लागली, तर त्याच दिवशी.

काकांची तपासणी उरकत आली तेव्हा काकूंनी पिशवीतून एक पुडी काढली. गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेल्या, लेबल नसलेल्या गोळ्या. मी खरंच चिडलो, कारण अशा गोष्टींत काय असतं ते कळत नाही. केरळातल्या डॉक्टरांनी अलीकडेच दाखवून दिलंय की गोरं करणारी क्रीम लावणाऱ्या काही तरुण पेशंटच्या लघवीतून भरपूर प्रोटीन जात होतं. त्यांच्या किडनीच्या तुकड्यात ‘नेल-१’ नावाचं प्रोटीन साचलेलं सापडलं आणि क्रीममध्ये पारा. पारा असलेली गावठी औषधं घेणाऱ्यांतही हेच आढळलंय. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही किडनीच्या शत्रूच.

खरा उपाय डब्यात नाही. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची औषधं गळतीही कमी करतात. “बीपी नॉर्मल झालं” म्हणून ती सोडणारे पुष्कळ भेटतात, त्यांना मी हात जोडतो. किडनीत साखर रक्तात परत ओढून घेणारं एक प्रोटीन आहे, ते अडवणारं डापाग्लिफ्लोझिन आता मधुमेह नसलेल्यांच्या किडनीलाही उपयोगी ठरलंय. ही औषधं रक्ततपासणी करून, डॉक्टरांनीच सुरू करायची. खारट लोणचं-पापड आवरणं मात्र तुमच्या हातात आहे.

मधुमेह किंवा बीपी असेल आणि वर्षभरात अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी झाली नसेल, तर या आठवड्यात करून घ्या. सकाळची पहिली लघवी द्या. ताप असताना किंवा पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नका.