गांवची राई आणि गांवची शाळा

कोंकणांत व घाटमाथ्यावर अशीं पुष्कळ गांवें आहेत, कीं जेथें सभोंवारचे डोंगर बोडके झाले, तरी शिवेजवळ एक लहानसें दाट रान उभें असतें. तेथें कुऱ्हाड चालत नाहीं. वाळलेली काटकीही कोणी घरीं नेत नाहीं. यालाच देवराई अथवा नुसती राई म्हणतात. महाराष्ट्रांत अशा अडीच हजारांहून अधिक राईंची नोंद झाली आहे; कांहीं चार झाडांपुरत्या, तर कांहीं कित्येक एकर पसरलेल्या. या राईंविषयीं आमच्या मंडळ्यांनीं काय धोरण ठेवावें, व शाळामास्तरांनीं त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा, हा आजच्या पाठाचा विषय होय.

प्रथम एका शंकेचा विचार करूं. कित्येक तरुण बंधु म्हणतात, “राई देवीची, देवीस आपण मानीत नाहीं, मग तेथील लांकूड आणण्यास हरकत कोणती?” कोणी तर गिदोनाचा दाखलाही देतात. शास्त्यांच्या 6 व्या अध्यायांत गिदोनानें बआलाची वेदी मोडून तिजजवळचें वन तोडलें, असें जुन्या इंग्रजी भाषांतरांत आहे खरें. परंतु मूळ इब्री शब्द ‘अशेरा’ हा असून त्याचा अर्थ त्या नांवाच्या देवतेचा लांकडी खांब अथवा मूर्ति असा आहे, जिवंत झाडांची राई नव्हे. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनीं तेथें ‘वन’ असा शब्द घातला, व पुढें इंग्रजांनीं तोच घेतला. उलट अनुवादाच्या 20 व्या अध्यायांत, वेढा घातलेल्या नगराभोंवतालचीं फळझाडें तोडूं नयेत, अशी आज्ञा आहे. शत्रूच्या झाडांस जर ही सवलत, तर शेजाऱ्यांच्या झाडांस ती नसावी काय?

राई राखणें हें केवळ मूर्तिपूजकांचें काम, असेंही कोणी समजूं नये. उत्तर इथिओपियाच्या डोंगराळ मुलुखांत जुन्या ख्रिस्ती मंदिरांभोंवतीं अशींच रानें आहेत. बाकीची जमीन नांगराखालीं व गुरांच्या पायांखालीं गेली. मंदिराभोंवतीं तेवढीं झाडें राहिलीं. अलेमायेहू वासी नांवाचे तद्देशीय वनशास्त्रज्ञ व मार्गारेट लोमन या अमेरिकन विदुषी यांच्या साह्यानें तेथील कित्येक मंडळ्यांनीं आपल्याच शेतांतले दगड वेंचून राईभोंवतीं गडगे घातले. शेतेंही साफ झालीं, आणि गुरें आंत शिरून कोंवळीं रोपें खात असत, तेंही थांबलें.

आमच्याकडील राई बहुतांशीं भीतीनें राखल्या गेल्या. फांदी तोडली तर देवी कोपेल, ही ती भीति. आतां ती ओसरत आहे, आणि ती केवळ आपल्यांतच ओसरली असें नव्हे. मुंबईस नोकरीस असलेले गांवकरी वर्गणी काढतात, जुन्या कौलारू देवळाच्या जागीं सिमेंटचें मोठें देऊळ बांधावयाचें ठरतें, आणि खर्चाला तूट पडली म्हणजे राईंतलेंच लांकूड विकलें जातें. देवीच्या देवळासाठीं देवीचें रान जातें! ही गोष्ट आम्ही हंसण्याकरितां सांगत नाहीं. आपल्या प्रार्थनामंदिराच्या वाशांकरितां कोणी असेंच लांकूड स्वस्तांत देऊं केलें, तर आपण तें नाकारूं कीं काय, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्याशीं करावा.

भीति गेल्यावर राई कशाच्या बळावर टिकावी? श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी या गांवीं काळकाईची राई आहे. 1970 नंतरच्या दशकांत ती तोडण्याचें वनखात्यानें ठरविलें, तेव्हां गांवकऱ्यांनीं पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांस मदतीस बोलाविलें. हे दोघे त्या काळीं राईंचा अभ्यास करीत गांवोगांव हिंडत असत. गांवकऱ्यांचें म्हणणें कोपाविषयीं नव्हतें, पाण्याविषयीं होतें. आजूबाजूचें रान गेलें तसे तेथले ओढे आटले; राईंतून येणारा ओढा मात्र वाहत होता. तोड रद्द झाली. या लोकांनीं आपल्या डोळ्यांनीं जें पाहिलें होतें तें आपल्या मुलांस दाखवितां येईल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तें दाखविणें कठीण नाहीं. प्रथम गांवकार व गुरव यांस विचारावें. पायांतील वाहाणा काढा म्हणाले तर काढाव्या. त्यांत आपलें कांहीं जात नाहीं. मग दोन्ही तोंडें उघडीं केलेला पत्र्याचा डबा घेऊन तो राईबाहेरील उघड्या जमिनींत दोन बोटें रुतवावा, त्यांत तांब्याभर पाणी ओतावें, व तें जिरेपर्यंत मुलांकडून अंक मोजवावे. तोच प्रयोग राईंतल्या पाचोळ्याखालच्या मातींत करावा. कुजलेला पाला, गांडुळांचीं बिळें व मुळ्या यांनीं ती माती भुसभुशीत झालेली असते. पावसाचें पाणी वरून न धांवतां खालीं मुरतें व पुढें हळूहळू झऱ्यानें बाहेर पडतें. दोन्ही अंक फळ्यावर लिहिले म्हणजे मास्तरांस फारसें बोलावें लागणार नाहीं.

दुसरा पाठ जुन्या झाडांचा. बेहड्यासारख्या थोर वृक्षास ढोल पडली म्हणजे आपण त्यास निकामी म्हणतों. परंतु धनेश पक्ष्याची मादी अंडीं घालण्यासाठीं अशाच ढोलींत शिरते व बारीक फट ठेवून तोंड लिंपून घेते. नर त्या फटींतून तिला फळें भरवितो. उंबर-वडांचीं हीं फळें खाऊन तो त्यांचें बीं दूरदूर टाकतो. पोकळ झाड तोडलें, तर घर एकाचें मोडतें आणि पेरणी सगळ्या रानाची थांबते. हातभर लांब शेंगांची गारंबीची वेल राईंत असेल, तर तीही दाखवावी. मुलें ती विसरत नाहींत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोडामार्ग तालुक्यांतील बांबर्डे येथें अवघ्या अडीच हेक्टरांच्या भालांडेश्वराच्या राईंत रानजायफळाचीं झाडें पाणथळींत उभीं आहेत. त्यांचीं मुळें श्वास घेण्यासाठीं चिखलांतून गुडघ्यांसारखीं वर येतात. असें रान महाराष्ट्रांत अतिशय दुर्मिळ. 2021 सालीं सरकारनें ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. 2002 च्या जैवविविधता कायद्यांत ही तरतूद आहे, आणि त्याच कायद्यान्वयें प्रत्येक ग्रामपंचायतींत जैवविविधता समिति असावयाची असून तिनें गांवच्या झाडापाखरांची नोंदवही ठेवावयाची असते. पुष्कळ ठिकाणीं ती वही कपाटांत पडून आहे. आमच्या उपदेशकांनीं व मास्तरांनीं ती मागून पाहावी, राईचा सातबारा कोणाच्या नांवें आहे तेंही तलाठ्याकडून समजून घ्यावें, आणि मुलांनीं पाहिलेलीं झाडें आजोबा-आजींकडून नांवें विचारून वहींत भरावीं. ओढ्याचें पाणी मात्र वैशाखांत पाहावयास न्यावें. आषाढांत सगळेच ओढे सारखे दिसतात.