मुलांच्या कामाला गिऱ्हाईक हवं

पालकहो,

आठवी-नववीच्या मुलांकडून प्रकल्प करून घेणारी शिक्षिका म्हणून आज तुमच्याशी थोडं मोकळेपणानं बोलायचं आहे.

प्रकल्प जमा करायच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते ती मुलांची नसते, तुमची असते. थर्माकोलच्या शीट, रंगीत कागद, तयार झाडं, तयार घरं. मग रात्री आई कापते, बाबा चिकटवतात आणि ज्याचा प्रकल्प आहे ते मूल पेंगत बसतं. हे तुम्ही प्रेमापोटीच करता, त्याबद्दल मला जराही शंका नाही. पण हे का होतं, याचा मी बराच विचार केला आहे. त्या मॉडेलची जगात कुणालाच गरज नसते. ते टेबलावर मांडायचं, गुण घ्यायचे आणि कपाटावर टाकायचं. ज्याची गरजच नाही, त्याची परीक्षा फक्त दिसण्यावर होते, आणि सफाईदार कापणं-चिकटवणं मोठ्यांना मुलांपेक्षा नेहमीच चांगलं जमतं. मग मुलाच्या हातातली कात्री तुमच्या हातात येणारच.

प्रकल्पाला गिऱ्हाईक मिळालं की हे चित्र बदलतं. म्हणजे ती वस्तू खरोखर वापरणारं, त्यातलं चुकलं तर तोंडावर सांगणारं कुणीतरी.

आमच्या नववीच्या काही मुलांच्या लक्षात आलं, की पहिलीतल्या मुलांचा हात पाण्याच्या नळाला पोचत नाही. पायरी करायची ठरली. पहिल्या दिवशी त्यांनी लाकडाला हात लावला नाही. मेजरटेप घेऊन पहिलीच्या वर्गात गेली आणि एकेकाची उंची मोजून आली. पहिली पायरी पुठ्ठ्याची, फक्त उंची ठरवायला. दुसरी प्लायवूडची. ती दिसायला देखणी होती, पण नळाखालच्या पाण्यानं फुगली आणि तिच्यावरून पाय सटकायला लागले. पहिलीच्या बाईंनी विचारलं, "दोघं एकदम चढले तर?" हा प्रश्न कुणाच्याच वहीत नव्हता. शेवटी लोखंडी अँगलची चौकट आली, वर खडबडीत पत्रा आला, कोपरे कानशीनं घासून गोल केले गेले. आता सांगा, यात घरी रात्री जागून तुम्ही काय करून दिलं असतं? त्या पहिलीच्या मुलांशी बोलली होती तुमची मुलं. माहिती त्यांच्याकडे होती, म्हणून निर्णयही त्यांनीच घ्यायचे होते.

डिझाइन म्हटलं, की बऱ्याच पालकांच्या डोळ्यांपुढे चित्रकला येते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला चांगली श्रेणी मिळाली म्हणजे मूल डिझाइनकडे जाणार, असा हिशेब असतो. चित्रकला हवीच, आणि नजर तयार होण्यासाठी तर फार हवी. पण डिझाइनची सुरुवात कागदाच्या आधी, समोरच्या माणसाला काय अडतंय ते नीट ऐकण्यापासून होते.

कॅलिफोर्नियात रेडवूड शोर्सला याच विचारावर उभी असलेली डिझाइन टेक हायस्कूल नावाची शाळा आहे. २०१४ मध्ये ती सुरू झाली आणि २०१८ च्या जानेवारीत ओरॅकल कंपनीनं आपल्या आवारात बांधून दिलेल्या इमारतीत गेली. सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली शाळा आहे ही. प्रवेश सोडतीनं मिळतो. तिथे मुलांना कच्चे नमुने करून बघायला मोठं वर्कशॉप आहे. वर्षात काही वेळा नेहमीचे तास थांबवून दोन-दोन आठवडे मुलं वेगळंच काहीतरी शिकतात, आणि शिकवायला बाहेरची कामकरी माणसं येतात. पालकांना हे सांगितलं, की एक उसासा ठरलेला असतो: "त्यांच्याकडे पैसा आहे हो!"

म्हणून मला तुम्हाला पाबळला न्यायचं आहे. शिरूर तालुक्यातलं, मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असलेलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून या कोरडवाहू भागात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस हातानं काम करत शिकतो, आणि ते काम खरं असावं लागतं. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला आणि महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळानं त्याला मान्यता दिली. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांना द्यायचा. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. चारही विभाग सगळ्यांना. मुली वेल्डिंग करतात, मुलगे चिक्की करतात आणि तिच्यात किती प्रथिनं आहेत याचं गणितही मांडतात. मुलींसाठी शिवण आणि मुलांसाठी सुतारकाम अशी वाटणी नाही. 'आमची मुलगी ठिणग्यांजवळ कशाला?' असा प्रश्न मला आजही येतो. त्याचं माझं उत्तर एकच आहे: डोळ्यांवर काच, हातात हातमोजे, पायात बूट आणि शेजारी शिक्षक असताना ठिणगीला मुलगा-मुलगी कळत नाही.

पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. तिथे मुलं सरावापुरतं करून मोडून टाकत नाहीत. गावात कुणाला रॅक हवं असतं, कुणाची वायरिंग करायची असते, कुणाच्या शेतातल्या मातीची तपासणी हवी असते. मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली ती सेवा देतात, तिचे पैसे घेतले जातात, आणि लोखंड किती लागलं, रॉड किती जळले, मजुरी किती धरायची हे वहीत लिहावं लागतं. शाळेच्या वहीत टक्केवारी चुकली तर एक गुण जातो. इथे चुकली तर पैसे अंगावर येतात. म्हणून चित्र काढणं आणि खर्च काढणं, ही दोन्ही कामं तिथे हातोडीइतकीच महत्त्वाची मानली जातात. आणि ज्यांना हे सगळं मागासलेलं वाटतं त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर आखलेली वस्तू यंत्रांनी बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये याच पाबळमध्ये सुरू झाली.

आता गटांबद्दल बोलू. तुमचे सर्वांत जास्त फोन मला याच विषयावर येतात. "सगळं काम आमचाच करतो, बाकीचे नुसते उभे असतात, त्याला दुसरा गट द्या." तक्रार बऱ्याचदा खरी असते. गटात कामचुकार मूल असतं, हुकूम सोडणारं असतं, एकही शब्द न बोलणारं असतं. पण चौदाव्या वर्षी हे शिकायचं नाही तर केव्हा शिकायचं? आमच्याकडे दर शुक्रवारी गट गोलात बसतो आणि कुणी काय केलं, काय राहिलं ते एकमेकांना तोंडावर सांगतो. सुरुवातीला रडारड होते, कधी अबोला होतो. मी मधे पडते ते कुणी कुणाचा अपमान केला तरच. न बोलणाऱ्या मुलाला मोजमापाचं काम दिलं की काम त्याच्यावाचून अडतं, आणि मग बाकीच्यांना त्याच्याकडे जाऊन विचारावंच लागतं. हे शोधून काढतात मुलंच. दहावीची मुलं आठवीच्यांना करवत धरायला शिकवतात, गुण्या लावून काटकोन तपासायला लावतात आणि अवजारं जागच्या जागी ठेवली नाहीत तर माझ्याहून जास्त ओरडतात. तुम्ही फोन करून गट बदलून घेतलात, तर भांडण मिटवणारे तुम्ही ठरता आणि मुलाला पुढच्या भांडणात पुन्हा तुम्हीच लागता. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मुलांच्या गटाचा निवाडा तर कृपा करून करू नका. तिथे लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वर्गात पोचलेलं असतं.

दहावीच्या टक्क्यांची काळजी मी समजू शकते. क्लासची वेळ आणि शाळेतल्या वर्कशॉपची वेळ एकमेकांवर येते, तेव्हा क्लासचे पैसे भरलेले असतात. मी एवढंच मागते, की ठरलेला तास तुम्ही परस्पर रद्द करू नका. अडचण असेल तर मुलाला त्याच्या गटाशी बोलू द्या, त्यांनाच वेळ बदलू द्या. अहमदाबादची एनआयडी किंवा आयआयटी मुंबईची आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांच्या प्रवेशाला या प्रकल्पांचा उपयोग होईल का, असंही काही जण विचारतात. होईलही. वस्तू बघण्याची आणि करून पाहण्याची सवय तिथे उपयोगी पडतेच. पण त्या प्रवेशासाठी आठवीतल्या मुलाचा प्रकल्प वापरणं मला मान्य नाही. त्या वयाचं काम त्या वयासाठी पुरेसं आहे.

घरी तुम्ही करू शकता अशा गोष्टी पुष्कळ आहेत. गळका नळ असेल तर प्लंबर आल्यावर मुलाला शेजारी उभं करा. त्याला पाना पुढे करू द्या. प्रकल्पासाठी साहित्य आणायचं असेल तर यादी आणि पैसे त्याच्या हातात द्या, दुकानदाराशी त्यालाच बोलू द्या. चुकीच्या मापाचे स्क्रू येतील. येऊ द्या. बदलून आणायलाही त्यालाच पाठवा. आणि अर्धवट झालेली, वेडीवाकडी वस्तू घरी आली तर 'हे काय केलंस' याऐवजी 'हे कुणासाठी आहे आणि ते काय म्हणाले' एवढं विचारा. मग बघा मूल किती वेळ बोलत राहतं.

शेवटी एक मागणं आहे. दिवाळीनंतर आम्ही आठवडाभर नेहमीचे तास थांबवणार आहोत. त्या आठवड्यात तुमच्यापैकी काही जणांनी वर्गात यावं असं मला वाटतं. कुणी परिचारिका असाल, कुणी गवंडी, कुणी बँकेत, कुणी रिक्षा चालवत असाल, कुणी घरून डबे देत असाल. व्याख्यान नको. तुमच्या कामात रोज काय अडतं, पाठ कुठे दुखते, कुठली वस्तू हाताला नीट बसत नाही, तेवढं सांगा. मुलं प्रश्न विचारतील, मापं घेतील, कदाचित तुमचा डबा उचलून बघतील. नावं पंधरा दिवस आधी वर्गशिक्षकांकडे द्या. कुणाला काय विचारायचं, हे ठरवायला मुलांना तेवढा वेळ लागतो.