शिक्षकाचें बिऱ्हाड

गांवांत वाढलेल्या व गांवींच शिकविलेल्या शिक्षकास शहरांतील शाळेंत नेमणूक झाल्याचें पत्र येतें, तेव्हां घरांत प्रथम आनंद होतो, आणि दुसऱ्याच दिवशीं एक प्रश्न उभा राहतो: राहावयाचें कोठें? पगार किती व वर्ग कोणता हें पत्रांत लिहिलेलें असतें. बिऱ्हाड कोठें करावें हें मात्र कोणी लिहीत नाहीं. यास्तव पुष्कळ जण तो निर्णय घाईघाईनें, ज्यानें पहिली खोली दाखविली त्याच्या सांगण्यावरून करितात, व पुढें वर्षानुवर्षें त्याची किंमत देत बसतात. ह्या पाठांत आपण त्याच निर्णयाचा विचार करूं. उदाहरणास पुणें शहर घेऊं. कारण अहिल्यानगर, सोलापूर, सातारा इत्यादि जिल्ह्यांतून आपले बरेच शिक्षक तेथें जात असतात.

१. लेखकाची चूक

उपदेश करण्यापूर्वीं मीं स्वतः केलेली चूक सांगणें बरें. माझी पहिली नेमणूक पुण्याच्या पेठांतील एका शाळेंत झाली. शाळेजवळ एक खोली पाहिली. भाडें ऐकून छाती दडपली. मग एका दलालानें शहराबाहेरील नव्या वस्तींत दोन मोठ्या खोल्या दाखविल्या. हवा मोकळी, समोर शेत, भाडें कमी. गांव सोडून आलेल्या माणसास खिडकींतून शेत दिसलें कीं तें घर आपलेंसें वाटतें. मीं दुसरें कांहीं न विचारतां होकार दिला. आठवडाभरांत कळून आलें कीं, शाळेस जावयास दोन बसगाड्या लागतात, आणि पहिली चुकली कीं दुसरी मिळत नाहीं.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्यास नीट वाचतां येत नसे, व इतरांसमोर वाचावयास तो लाजे. मीं त्यास सांगितलें, "शाळा भरण्यापूर्वीं अर्धा तास ये; आपण दोघे वाचूं." तो येऊं लागला, मीच वेळेवर पोंचूं शकत नसें. घंटा वाजण्याच्या सुमारास मी फाटकांतून शिरें, तेव्हां तो पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला दिसे. आठ-दहा दिवस त्यानें वाट पाहिली, मग येणें सोडलें. मीं कारण विचारलें तेव्हां म्हणाला, "सर, तुमचं घर लांब आहे ना." त्यानें तें रागानें म्हटलें नाहीं, माझी बाजू घेऊनच म्हटलें. परंतु माझ्या कमी भाड्याचा खरा हिशेब मला त्या दिवशीं समजला. ह्या पाठाचा मुख्य बोध तोच आहे: शिक्षक घर निवडतो तेव्हां तो आपला दिवस निवडतो, आणि त्या दिवसावर त्याच्या विद्यार्थ्यांचाही हक्क असतो.

२. भाडें

खर्चाचा विचार करणें हा कंजूषपणा नव्हे. पंडिता रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. तेथील राहणीचा खर्च फार आहे असें पाहून पुढल्याच वर्षीं, १८९० सालीं, त्यांनीं तें पुण्यास हलविलें. मोठें शहर सोडण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. मुलींचें शिक्षण चालू राहावें हें मुख्य, शहर गौण, असें त्यांनीं मानलें.

परंतु खर्च पाहावयाचा तो पुरता पाहावा. सरकारी व अनुदानित शाळांतील शिक्षकांस घरभाडें भत्ता मिळतो, व त्यासाठीं शहरांचे वर्ग पाडलेले आहेत. मुंबई व पुणें हीं सर्वांत वरच्या वर्गांत येतात. विनाअनुदानित शाळेंत असा भत्ता मिळेलच असें नाहीं. म्हणून रुजू होण्यापूर्वीं शाळेच्या कार्यालयांत हें स्पष्ट विचारावें. भाड्याशिवाय अनामत रक्कम, दलाली, सामान नेण्याचा खर्च, हा सर्व पहिल्याच महिन्यांत अंगावर येतो, आणि पहिला पगार हातीं पडण्यास विलंब लागूं शकतो. निदान तीन महिन्यांची शिदोरी बांधल्याशिवाय कुटुंब हलवूं नये.

आतां एक लहानसा हिशेब करूं. समजा, शाळेजवळील खोलीचें भाडें १२,००० रुपये आहे, आणि दूरच्या खोलीचें ८,०००. वाचले ४,०००. परंतु दूरच्या घरामुळें रोज ४० रुपये प्रवासखर्च अधिक लागला, तर पंचवीस दिवसांत १,००० रुपये गेले, राहिले ३,०००. आणि जाण्यायेण्यांत रोज दोन तास अधिक गेले तर महिन्यांत पन्नास तास झाले. म्हणजे त्या शिक्षकानें आपला एकेक तास साठ रुपयांस विकला. ज्याच्या घरीं खरोखरच पैशाची ओढ आहे, त्यानें तो विकावा. त्यांत पाप नाहीं. पण विकतों आहों हें जाणून विकावा.

३. अंतर

कोणी म्हणेल, थोरांनीं पूर्वीं लांबलांब चालून शिकविलें नाहीं काय? शिकविलें. धोंडो केशव कर्वे १८९१ सालीं मुंबई सोडून पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावयास आले. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, आणि पुण्यांत प्लेगाचे दिवस असतां १९०० सालीं तो शहराबाहेर हिंगणें येथें नेला. कॉलेज एकीकडे व आश्रम सुमारें चार मैलांवर. कॉलेजचें काम आटोपून ते पायीं हिंगण्यास जात, तेथें शिकवीत, व पुन्हां कामासाठीं शहरांत परत येत. पण कर्व्यांचें चालणें विद्यार्थिनींकडे जाण्याकरितां होतें. माझें बिऱ्हाड मला विद्यार्थ्यापासून दूर नेत होतें. अंतर सोसावें कीं नाहीं, हें तें कोणासाठीं सोसावयाचें यावर ठरतें. तें हिंगणें आज शहराच्या पोटांत आलें असून त्या भागास कर्वेनगर म्हणतात.

अंतर नकाशावर मोजूं नये, घड्याळावर मोजावें. खोली पसंत करण्यापूर्वीं एके कामाच्या दिवशीं, शाळेच्या वेळेस, त्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत स्वतः जाऊन पाहावें. रविवारीं रस्ता मोकळा असतो. तो खोटी साक्ष देतो. पुण्यांत ६ मार्च २०२२ पासून मेट्रो चालू झाली आहे. तिचा एक मार्ग पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटपर्यंत व दुसरा वनाजपासून रामवाडीपर्यंत जातो, आणि दिवाणी न्यायालयापाशीं दोन्हींची गांठ पडते. ह्या मार्गांच्या लगत, थोडें दूर पण एकाच गाडीनें पोंचतां येईल असें घर मिळालें, तर तें जवळच्या पण दोन गाड्या बदलाव्या लागणाऱ्या घरापेक्षां पुष्कळदां बरें पडतें.

४. पाणी

गांवीं आपण विहिरीचें पाणी चाखून मग घर बांधतों. शहरांत मात्र नळ दिसला कीं प्रश्न संपला असें समजतों. पुणें महानगरपालिकेंत २०१७ सालीं ११ व २०२१ सालीं २३ गांवें सामील करण्यांत आलीं. तेथें इमारती झपाट्यानें उठल्या, पण नळाचें पाणी सर्वत्र पुरेसें पोंचलें नाहीं. अनेक ठिकाणीं टँकरवर भिस्त असते. जानेवारी २०२५ मध्यें सिंहगड रस्त्याच्या भागांत गिलाँ-बारे नांवाच्या, हातपाय लुळे पाडणाऱ्या विकाराचे पुष्कळ रोगी आढळले, आणि तपासांत दूषित पाण्याकडे बोट दाखविलें गेलें. यास्तव घरमालकास नव्हे, तर त्याच इमारतींतील एखाद्या बाईस विचारावें: नळास पाणी किती वेळ येतें? उन्हाळ्यांत टँकर किती लागतात, व त्याचे पैसे कोण देतें? घर चालविणारी बाई जें सांगेल तें दलाल सांगणार नाहीं. म्हणूनच घर पाहावयास शिक्षकानें एकट्यानें जाऊं नये. पत्नीस बरोबर न्यावें, आणि शिक्षिका असेल तर तिनें घरच्या वडील माणसास न्यावें.

५. नांव

आतां जो भाग सांगणें जड जातें, तो सांगतों. १९१७ सालीं डॉ. भीमराव आंबेडकर परदेशांत उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर गेले. एवढ्या विद्वानास, केवळ जातीमुळें, त्या शहरांत कोणी राहावयास जागा देईना. अखेर पारशी लोकांच्या एका उतारशाळेंत पारशी नांव लिहून त्यांस राहावें लागलें. तें उघड होतांच काठ्या घेतलेली माणसें चालून आलीं व त्यांस जागा सोडावी लागली. दुसरी कोठेंही न मिळाल्यामुळें नोकरी टाकून मुंबईस परतावें लागलें. १९१८ सालीं ते मुंबईस सिडनेहॅम कॉलेजांत प्राध्यापक झाले, तरी त्यांचें बिऱ्हाड परळच्या चाळींतील दोन खोल्यांतच होतें.

दिवस पालटले आहेत, पण घरमालकाचा पहिला प्रश्न पुष्कळ ठिकाणीं अजूनही आडनांवाचाच असतो. आडनांव सांगितलें कीं खोली "कालच गेलेली" असते. मजवरही हा प्रसंग आला आहे, आणि एकदां मीं अर्धेंच नांव सांगून वेळ मारून नेली. खोली मिळाली, पण संध्याकाळीं पत्नी मुलीस सांगूं लागली कीं, शेजारीं कोणी आडनांव विचारल्यास बोलूं नकोस. तें ऐकून मला रात्रीं झोंप आली नाहीं. दिवसा शाळेंत परक्यांच्या मुलांस खरें बोलावयास शिकवावें, आणि घरीं स्वतःच्या मुलीस लपावयास शिकवावें, हें कसें जमावें? दोन महिन्यांनीं मीं ती खोली सोडली.

माझा सल्ला असा. पहिल्याच भेटींत, किंवा दूरध्वनीवर बोलतांना, पूर्ण नांव, धर्म, घरांतील माणसें, आणि घरांत काय शिजतें, हें सर्व सरळ सांगून टाकावें. नकार यावयाचा असेल तर तो सामान उतरविण्यापूर्वीं यावा. जो नकार देतो, लाज त्याची आहे, आपली नव्हे. जो होकार देतो, त्याच्या घरांत आपलीं मुलें मान वर करून जिना चढतील. अशीं घरें कमी असतील, पण आहेत. आणि शाळेंतील सहशिक्षकांस विचारल्यास तीं दलालापेक्षां लवकर सांपडतात.

६. कागद

गांवीं शब्दावर व्यवहार चालतो. शहरांत शब्द देणारा मनुष्य भला असला तरी कागद करून घ्यावा. त्यानें भलेपणा कमी होत नाहीं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ह्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें भाड्याचा करार लेखी असून त्याची नोंदणी झाली पाहिजे, व ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. करार बहुधा अकरा महिन्यांचा करितात. मुदत लहान आहे म्हणून नोंदणी टळत नाहीं. नोंदणी संगणकावरून घरबसल्याही करतां येते. करारांत भाडें, अनामत रक्कम व ती परत करण्याची मुदत, पाण्याचे व विजेचे पैसे, आणि घर सोडण्याची सूचना किती दिवस आधीं द्यावयाची, ह्या गोष्टी असाव्यात. पैसे रोख देण्याऐवजीं बँकेमार्फत द्यावे, म्हणजे पावती आपोआप राहते. ज्या कागदांतील मजकूर समजला नाहीं, त्यावर शिक्षकानें तरी सही करूं नये.

७. वेळ, व मंडळीचें काम

शाळा जूनच्या मध्यास उघडतात, आणि त्याच सुमारास परगांवचे विद्यार्थीही खोल्या शोधीत पुण्यास येतात. भाडीं तेव्हांच चढतात. म्हणून शक्य तर मे महिन्यांतच जाऊन घर पाहावें. न जमल्यास कुटुंब गांवीं ठेवून पहिले पंधरा दिवस एकट्यानें कोणाकडे तरी राहावें, शाळेचा रस्ता व वस्ती पारखावी, आणि मग बिऱ्हाड आणावें.

परंतु राहावें कोणाकडे? येथें आपल्या मंडळ्यांचें काम आहे. प्रत्येक गांवचीं दोन-चार कुटुंबें आतां शहरांत आहेत. गांवच्या पंचांनीं त्यांचीं नांवें एका वहींत लिहून ठेवावीं, आणि नवा शिक्षक निघाला कीं त्याच्या आधीं त्यांस निरोप धाडावा. जे शहरांत आधीं पोंचले, त्यांनीं आपल्या एका खोलींतील एक कोपरा पंधरा दिवस द्यावा. ते स्वतः आले तेव्हां त्यांसही कोणाचें तरी दार ठोठवावें लागलें होतें, हें ते विसरले नसतील.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर, पुढल्या वर्षीं मीं शाळेपासून पायीं वीस मिनिटांवर एकच खोली घेतली. ती अंधारी होती, व खिडकींतून भिंतच दिसे. पण शाळा भरण्यापूर्वींचा अर्धा तास माझ्या हातीं आला. तो मुलगा तेव्हां पुढच्या वर्गांत गेला होता. मीं त्यास पुन्हां बोलाविलें. पहिले दोन दिवस तो आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं पायरीवर बसलेला दिसला, आणि त्या दिवशीं मी त्याच्या आधीं पोंचलों नाहीं, तरी घंटेच्या पुष्कळ आधीं पोंचलों.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांतून शहरांत गेलेल्या शिक्षकांपैकीं कोणी घर निवडतांना काय पाहिलें? त्यांचा अनुभव विचारून मंडळींत सांगा.
२. कमी भाडें व अधिक वेळ ह्यांतून एकच मिळत असेल, तर तुमच्या स्थितींत तुम्ही काय घ्याल? हिशेब मांडून उत्तर द्या.
३. नांव लपवून मिळालेल्या घराचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो?
४. शहरांतील तुमच्या ओळखीच्या कुटुंबांची यादी करा. त्यांपैकीं नव्या शिक्षकास पंधरा दिवस कोण आसरा देऊं शकेल?