देवी गेली ती कशी?

आमच्या वयाच्या माणसांच्या दंडावर देवी टोचल्याचे वण दिसतात. आता मुलांना देवी टोचत नाहीत. का बरे? कारण देवीचा रोगच जगात उरला नाही. तो कसा गेला, ते आज आपण वाचू.

पूर्वी गावात देवीची साथ आली की घरोघर रडारड होई. कुणी मरे. कुणाचे डोळे जात. पण एक गोष्ट लोकांना ठाऊक होती. ज्याला देवी येऊन गेली, त्याला ती सहसा पुन्हा येत नसे.

असे का? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या इतक्या बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या म्हणजे शरीराचे जागलेच. रोगाचे जंतू हे चोर. नवा चोर ओळखायला जागल्याला वेळ लागतो. तेवढ्यात चोर घर लुटतो. पण एकदा पाहिलेला चोर जागल्या विसरत नाही. दुसऱ्या खेपेला त्याला वेशीवरच धरतो.

लस म्हणजे चोराची ही ओळख आधीच करून देणे. लशीत मेलेले किंवा दुबळे केलेले जंतू असतात, नाहीतर जंतूंचा एखादा अंश असतो. त्यामुळे खरा रोग न भोगताच शरीराला ओळख पटते.

इंग्लंडात जेन्नर नावाचे डॉक्टर होते. तिथे धारा काढणाऱ्या बायकांच्या हातांवर गाईच्या देवीचे फोड येत. हा रोग सौम्य. तो झाला की मोठी देवी येत नाही, असे लोक म्हणत. १७९६ साली जेन्नर यांनी अशा फोडातला द्रव एका आठ वर्षांच्या मुलाला टोचला. त्या मुलाला पुढे देवी आली नाही. १८०२ साली ही लस मुंबईला पोचली. तिथे तीन वर्षांच्या एका मुलीला ती टोचली. १९७५ साली भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की जगातून देवी गेली.

गोवर मात्र गेलेला नाही. गोवरात मुलांना न्यूमोनिया होतो, हगवण लागते, कधी जीवही जातो. त्याची लस दोनदा घ्यायची. पहिली नऊ महिने पुरे झाल्यावर. दुसरी दीड वर्षाच्या सुमारास. पहिली लस काही मुलांच्या अंगी लागत नाही, म्हणून दुसरी चुकवू नये. लशीने कधी थोडा ताप येतो. जागल्या कामाला लागल्याची ती खूण. भिऊ नका. ताप फार चढला, तर दवाखान्यात न्या.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस सहसा देत नाहीत. मग त्याला कोण राखणार? घरातली आणि शेजारची मुले. त्यांनी लस घेतली, तर गोवर बाळापर्यंत सहसा पोचत नाही.

आता तुम्हांला वाचता येते. मुलाचे लसीकरणाचे कार्ड काढा. गोवराच्या दुसऱ्या लशीपुढे तारीख आहे का, ते पाहा. जागा कोरी असली, तर उद्याच आशाताईंना विचारा. सरकारी दवाखान्यात या लशीला पैसे पडत नाहीत.

प्रश्न
१. लशीमुळे शरीराला कशाची ओळख होते?
२. गोवराची दुसरी लस का घ्यावी?
३. तुमच्या घरच्या कार्डावर कोणत्या लशी लिहिल्या आहेत? वाचून दाखवा.