भावनेची पोच

लालबाग, मुंबई

चि. भाचीस,


मनात उठलेल्या भावनेची पोच देणे म्हणजे ती भावना आली आहे आणि तिला काही कारण आहे, एवढे मान्य करणे. पोच म्हणजे शाबासकी नव्हे आणि मंजुरीही नव्हे. गिरणगावातल्या जुन्या माणसांना हा फरक मनीऑर्डरमुळे ठाऊक होता. कामगार पगारातून कोकणात किंवा घाटावर पैसे धाडायचा. काही दिवसांनी फॉर्माचा एक तुकडा परत यायचा आणि त्यावर गावाकडच्या माणसाची सही नाहीतर अंगठा असायचा. पैसे पुरले की नाही, कशावर खर्च झाले, पाठवणारा मुलगा गुणी की उडाणटप्पू, यातले काहीही त्या तुकड्यावर नसे. मिळाले, एवढेच असे. तेवढ्यानेही माणूस निर्धास्त व्हायचा. भावनेलाही आधी हीच सही हवी असते. ती सही दर वेळी दुसऱ्याकडून मिळवायची सवय लागली की माणूस टपालाची वाट बघतच जगतो.

ही सवय कोणाच्या दुबळेपणातून लागत नाही, ती बाळपणापासूनची असते. लहान मुलाला स्वतःची भावना ओळखता येत नाही, ती मोठ्यांच्या तोंडून कळते. मूल गॅलरीत धावताना पडते, गुडघा खरचटतो आणि ते आजीकडे बघते. आजी म्हणाली, ‘लागलं ना? कुठं, दाखव बघू,’ तर मुलाला कळते की जे झाले त्याला लागणे म्हणतात आणि त्यावर रडू येते. पण मराठी घरांत पुष्कळदा वेगळेच ऐकू येते: ‘काही नाही झालं, मुंगी मेली बघ.’ यामागे माया असते. मूल हसते, खेळायला पळते, आणि त्या वेळेपुरते काम भागते. मात्र वर्षानुवर्षे प्रत्येक लागण्यावर मुंगीच मरत राहिली तर आपल्याला लागले की नाही हे दुसरेच ठरवतात, असे मुलाच्या मनात बसते. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर हेच मांडले. प्रेम अटींवर मिळाले की मूल स्वतःला पारखण्याचा काटा दुसऱ्याच्या हाती देते, आणि मोठेपणी तो परत घेणे हा वाढीचाच भाग असतो.

मध्य मुंबईत हा काटा बराच काळ चाळीच्या गॅलरीत टांगलेला होता. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत एकेक खोली १६० चौरस फुटांची, दार दिवसभर उघडे, नळ आणि संडास सामायिक. निकालाच्या दिवशी जिना चढताना प्रत्येक दारातून एकच प्रश्न यायचा: ‘किती पडले?’ पेढे कोणाकडे आले आणि कोणाकडे नाही, हे संध्याकाळपर्यंत मजलाभर झालेले असे. या व्यवस्थेने माणसांना जाच केला हे खरे, पण तिने माणसे सांभाळलीही. रात्री कोणी हुंदके देत असेल तर भिंतीपलीकडे ऐकू जायचे आणि सकाळी शेजारीण चहा घेऊन दारात उभी राहायची. न मागता पोच मिळायची. आता वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. घरे मोठी झाली, संडास घरात आला, ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती फार उशिरा झाली. पण दारे बंद झाली. चाळीने आपसूक केलेले काम आता कोणीतरी जाणूनबुजून करावे लागते. ते स्वतः न केले तर ते काम मोबाइलकडे जाते.

एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. क्लासच्या चाचणीत ४० गुण पडलेली मुलगी दादरच्या टिळक पुलावर कठड्याशी थांबते. खालून गाड्या जात असतात. ती चार मैत्रिणींना एकच मेसेज पाठवते: ‘मी इतकी रडतेय, मी वेडी आहे का?’ एकीचे उत्तर येते, ‘अगं सोड ना.’ दुसरी लिहिते, ‘माझे तर ३५च आहेत.’ तिसरीला पाठवलेल्या मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच येत नाही. चौथीने पाहिलेलाच नाही. दहा मिनिटांपूर्वी मुलीला गुणांचे दुःख होते. आता त्यात न आलेल्या उत्तराचे दुःख मिसळले आहे आणि दोन्ही वेगळी करता येत नाहीत. मैत्रिणी वाईट नाहीत. प्रश्नच असा होता की त्याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. पहाटे पाचला उठून दोन महिने अभ्यास कोणी केला, हे त्या मुलीलाच ठाऊक. ‘मी वेडी आहे का’ याच्या जागी तिने स्वतःशी एवढे म्हटले असते, ‘मेहनत केली होती, म्हणून लागलं,’ तर पोच मिळाली असती. त्यानंतर मैत्रिणीला फोन केला असता तर तो निवाडा मागायला नसता, सोबत मागायला असता. या दोन मागण्यांत फार मोठे अंतर आहे.

पोच देण्याची पहिली पायरी म्हणजे भावनेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणे. इथे मराठी माणूस श्रीमंत आहे आणि ती श्रीमंती तो वापरत नाही. हल्ली सगळ्याला एकच शब्द लावतात: टेन्शन. परीक्षा असली तरी टेन्शन, भावाने अपमान केला तरी टेन्शन, मैत्रिणीचे लग्न ठरले तरी टेन्शन. मराठीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे. अपेक्षा मोडली की माणूस हिरमुसतो किंवा खट्टू होतो. चारचौघांत चूक उघडी पडली की ओशाळतो. ज्यांच्यात बसायचे त्यांच्यात नकोसे वाटू लागले की कानकोंडा होतो. बोलायचे राहून गेले की रुखरुख लागते, काय होणार हे कळत नसले की हुरहूर. दुसऱ्याचे चांगले झालेले पाहवत नाही तो हेवा, आणि सांगता येत नाही, सोसवतही नाही ती घुसमट. ही नुसती शब्दांची हौस नव्हे. प्रत्येक नाव पुढे काय करायचे ते सुचवते. रुखरुख असेल तर राहिलेले बोलून टाकता येते. ओशाळलेल्या माणसाला माफी मागता येते. हेवा असेल तर आपल्याला काय हवे आहे ते त्यातून कळते. टेन्शनवर मात्र काहीच करता येत नाही, ते फक्त घ्यायचे नाही असे सगळे सांगतात. सगळ्यांत जास्त पोच हेव्याला लागते, कारण चांगल्या घरातली माणसे तो आपल्यात नाहीच असे धरून चालतात.

दुसरी पायरी कारणाची, आणि इथे अडखळायला होते. भावनेला कारण असते याचा अर्थ भावना सांगते ते सगळे खरे असते असा नाही. गुण कमी पडल्याचे वाईट वाटले, ही पोच. ‘म्हणजे मी नालायकच’ हा निवाडा, आणि तो तपासायला हवा. हे तपासणे कसे करावे याची शिस्त न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून उभी केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. ती मुंबईत रुजवण्याचे काम कि. मो. फडके यांनी केले. त्यांचा एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार चालला. हजारो मैलांवरच्या गुरूला शंका लिहून कळवायच्या, उत्तर यायची वाट बघायची, पुन्हा लिहायचे. पत्रांतूनही माणूस मनाची शिस्त शिकू शकतो याचा हा मुंबईतलाच दाखला. पुढे अंजली जोशी यांनी ‘मी, अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहून हे विचार मराठी वाचकांपर्यंत आणखी पोचवले.

एलिस यांचे म्हणणे मराठीत एका अक्षरात सांगता येते. ते अक्षर ‘च’. ‘मला मान मिळावा’ ही इच्छा आहे, आणि ती पुरी झाली नाही तर माणूस खट्टू होतो. ‘मला मान मिळालाच पाहिजे’ हा हट्ट आहे, आणि तो मोडला की माणूसच मोडतो. इच्छा सोडायची नाही, फक्त हा ‘च’ सोडवायचा. एलिस यांनी स्वतःबद्दल कळणे आणि स्वतःला गुण देणे यांतही फरक केला. कृतीला गुण द्यावेत, अख्ख्या माणसाला देऊ नयेत. चाचणीतले ४० हे त्या पेपराचे गुण, मुलीचे नव्हेत. म्हणूनच ते आत्मसन्मानापेक्षा आत्मस्वीकारावर भर देत. सन्मान यशाबरोबर वाढतो आणि अपयशाबरोबर घटतो, स्वीकाराला अट नसते. हे त्यांनी नुसते पुस्तकांतून काढले नव्हते. तरुणपणी ते मुलींशी बोलायला फार बुजत. १९व्या वर्षी त्यांनी ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी दिसेल त्या स्त्रीशी बोलायचे ठरवले. एका महिन्यात १३० जणी झाल्या. ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. नकारांची ती रास पाहून त्यांना कळले की नकाराने काही तुटत नाही.

हे सगळे परदेशातून आलेले आहे असे वाटले तर ते अर्धेच खरे. रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले, आणि गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांत ते दिवेलागणीला म्हटले गेले. मनाला समोर बसवून त्याच्याशी आदराने बोलायचे, हा मराठी माणसाचा जुनाच रिवाज आहे. तुकारामांच्या अभंगांतही स्वतःची तक्रार, स्वतःची लाज आणि स्वतःची समजूत लपवाछपवीशिवाय येते.

बाहेरची पोच मुळातच न मिळालेला माणूस काय करतो, याचे उत्तर परळचे कवी नारायण सुर्वे यांच्या आयुष्यात आहे. रस्त्यावर सापडलेले ते तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले. गंगाराम आणि काशीबाई यांनी त्याला आपले नाव दिले आणि चार इयत्ता शिकवले. निवृत्तीनंतर ते दोघे गावी गेले तेव्हा मुलगा अजून लहानच होता आणि मुंबईत एकटा पडला. मिळेल ती कामे करत तो वाढला. पालिकेच्या शाळेत शिपाई झाला, मोठेपणी सातवीची परीक्षा पास झाला आणि मग शिक्षक. १९६२ साली पहिला कवितासंग्रह आला, नाव ‘ऐसा गा मी ब्रह्म’. ज्याला कूळ विचारले तर सांगता येत नव्हते त्याने पुस्तकाच्या कव्हरवर स्वतःला ब्रह्म म्हटले. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९९८ साली पद्मश्री हे मान फार नंतरचे. मान मिळाल्यावर त्यांनी स्वतःला ओळखले, असे झाले नाही. पण या गोष्टीचा दुसरा भागही सांगायलाच हवा. गंगाराम यांनी ते मूल उचलले नसते तर पुढचे काहीच नव्हते. स्वतःची पोच स्वतः देणे म्हणजे कोणाचीच गरज नसणे, असा अर्थ काढणे चूक आहे. आधी कोणीतरी उचलावे लागते, नंतरचे चालणे आपले. सुर्वे यांच्या पत्नी कृष्णाबाई यांच्या आत्मकथनाचे नाव ‘मास्तरांची सावली’. नावात त्या सावली आहेत, पण आतले आयुष्य त्यांनी स्वतःचे म्हणून सांगितले आहे. पोच अशीही देता येते.

स्वतःला स्वीकारण्याच्या या शिकवणीचा एक गैरवापर होतो आणि तो गिरणगावाला तरी खपू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यातल्या असंख्य जणांना गिरणीचे दार पुन्हा दिसले नाही. भोंगा थांबला तसा साचेवाल्याचा मानही गेला. काल ज्याच्या हाताखाली साचे चालत होते तो रिकामटेकडा ठरला. अशा माणसाला ‘तू स्वतःला स्वीकार’ एवढेच सांगणे म्हणजे अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडणे. त्याचा राग रास्त होता, आणि त्या रागाची पोच दिल्यामुळेच कामगार आणि त्यांच्या बायकामुलांनी पुढे घरांच्या हक्कासाठी दशकानुदशके मोर्चे काढले. पोच दिलेला राग कामाला लागतो. घरात, नात्यात किंवा नोकरीत कोणी छळत असेल तर तिथे मन आवरण्याआधी छळ थांबवणे आले.

दुःख आठवडेच्या आठवडे हलत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर ते एकट्याने पेलायचे नसते. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. स्वतःला पोच देता येणारा माणूस अशा वेळी लवकर फोन करतो, कारण आपल्याला खरेच लागले आहे हे त्याने नाकारलेले नसते.

रोजच्या सरावाला दोनशे पानी वही पुरते. रात्री चार ओळी लिहाव्यात: काय झाले, काय वाटले, का वाटले असावे, आणि उद्या त्याचे काय करायचे. तिसऱ्या ओळीत दुसऱ्या माणसाचा स्वभाव लिहू नये, आपल्याला काय हवे होते ते लिहावे. चौथी ओळ कोरी राहिली तरी चालते, दुसरी कोरी राहू नये. कोणाला मेसेज करावासा वाटलाच तर या ओळी लिहून झाल्यावर करावा. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या ओळीत बहुधा ‘टेन्शन’ एवढाच शब्द सापडतो. तो खोडू नये. त्याच्या शेजारी दुसरा एक शब्द लिहावा.

— मामा