ताटातील संयम, खिशातील बरकत
(विद्यार्थी बंधू-भगिनींसाठी एक अभ्यास)

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या बाजूस. दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्यालगत. शिक्षणासाठी गाव सोडून आलेला एखादा विद्यार्थी अशा वस्तीत चौघांच्या भागीदारीत खोली घेतो. सकाळी लोकल गाठण्याच्या घाईत न्याहारी राहते. वर्गाबाहेर चहा-बिस्किटे होतात, दुपारी वडापाव, परतताना स्टेशनबाहेर शीतपेय आणि रात्री अकरा वाजता गाडीवरचा तळलेला भात. दोन वर्षांत पॅन्ट कमरेत घट्ट होते, जिना चढताना धाप लागते आणि सुट्टीत घरी गेल्यावर आई म्हणते, "अरे, केवढा सुटलास!"

वजन कमी करण्याचा निश्चय अशा वेळी होतोच. मग बहुतेकांना दोनच मार्ग दिसतात. काही जण घरून आलेल्या पैशांतून प्रथिनांच्या भुकटीचा डबा आणतात. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नसतात, ते जेवणच सोडतात. पहिल्या मार्गात खिसा रिकामा होतो, दुसऱ्यात अंगातील ताकद जाते. वाचकहो, इस्लामने आहाराविषयी दिलेली शिकवण आणि आजचे आहारशास्त्र या दोहोंच्या प्रकाशात पाहिले, तर तिसरा मार्ग स्पष्ट दिसतो. तो स्वस्त आहे. किंबहुना तो खर्च कमी करणाराच आहे.

दोन ठेवी

आपले शरीर ही अल्लाहने सोपविलेली ठेव आहे. गावाहून वडील पाठवितात तो पैसाही ठेवच आहे. या दोन्ही अमानतींचा हिशेब द्यावयाचा आहे, ही जाणीव प्रत्येक श्रद्धावंताला असावी.

पवित्र कुरआनात खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच मर्यादा ओलांडण्यास मनाई केली आहे आणि अतिरेक करणारे अल्लाहला प्रिय नाहीत, असे बजावले आहे (सूरह अल्-आराफ : 31). खर्चाबाबतही हीच कसोटी आहे. अल्लाहच्या खऱ्या दासांचे वर्णन करताना, ते उधळपट्टीही करीत नाहीत आणि हातही आखडत नाहीत, त्यांचे वर्तन या दोहोंच्या मध्ये असते, असे सांगितले आहे (सूरह अल्-फुरकान : 67). ताट आणि पाकीट या दोहोंना नियम एकच आहे. ही केवळ उपदेशाची गोष्ट नाही. भुकेपलीकडे जे आपण खातो, त्याचे पैसे आपण बहुधा वेगळे मोजलेले असतात.

समजा, एखादा विद्यार्थी दररोज दोन जादा चहांवर 20 रुपये, वडापाववर 20 रुपये आणि शीतपेयावर 20 रुपये खर्च करतो. दिवसाचे 60, महिन्याचे 1800 रुपये झाले. त्याऐवजी त्याने रोज दोन अंडी आणि एक केळे घेतले आणि त्यासाठी 21 रुपये धरले, तर महिन्याला 630 रुपये लागतील. पोट अधिक काळ भरलेले राहील आणि 1170 रुपये शिल्लक पडतील. भाव मागेपुढे होतील. हिशेबाची दिशा बदलणार नाही.

वजन वाढते कशाने?

शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तिच्याहून अधिक आत गेली की उरलेली चरबीच्या रूपाने साठते. दोष एकट्या भाताचा किंवा एकट्या पोळीचा नसतो. आपले लक्ष नसताना पोटात जाणारे तेल आणि साखर हे खरे चोर आहेत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीत दिवसाला सुमारे 2000 कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी तेल-तुपाचे प्रमाण 27 ग्रॅम सांगितले आहे. चौघांच्या खोलीत महिन्याला हे सुमारे साडेतीन लिटर होते. आपल्या खोलीत तेलाची पिशवी किती दिवस पुरते ते पाहा, आणि बाहेर खाल्लेले समोसे व भजी त्यात मिळवा. तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात. प्रथिने वा पिष्ट पदार्थ यांच्या एका ग्रॅममध्ये 4.

साखरेचेही तसेच. दोन चमचे साखर घातलेला चहा दिवसातून चार वेळा घेतला, तर 8 चमचे, म्हणजे सुमारे 40 ग्रॅम साखर होते. ती 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, असे तज्ज्ञ सांगतात. शीतपेयाच्या 250 मिलिलिटरच्या बाटलीत एकटीतच तेवढी साखर असते. चहा सोडण्याची गरज नाही. चार कप दोनवर आणि दोन चमचे एकावर आणले, तरी 40 ग्रॅमचे 10 ग्रॅम होतात. याला एक रुपयाही लागत नाही.

'मी तर बारीक आहे'

काही वाचक म्हणतील, आमचे वजन प्रमाणात आहे, हा लेख आमच्यासाठी नाही. त्यांनी पुण्यातील एक उदाहरण लक्षात घ्यावे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच होता : 22.3. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्यात ती 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के निघाली. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी लपलेली असू शकते आणि मधुमेहाची वाट तेथूनच सुरू होते.

म्हणून आपल्याकडे मोजमापही कडक आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक 23 वर गेला की सावध व्हावे. 25 पासून स्थूलता धरतात. पाच फूट सहा इंच उंचीच्या व्यक्तीसाठी हे आकडे साधारण 65 आणि 70 किलो होतात. वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप पुरे. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 सेंटिमीटर यांच्या आत असावी.

स्वस्त ताट कसे असावे?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाला माणसाने भरलेल्या सर्वांत वाईट पात्राची उपमा दिली. पाठ ताठ राहील एवढे घास माणसाला पुरेसे आहेत. अधिक खायचेच असेल तर एक तृतीयांश अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी आणि एक तृतीयांश श्वासासाठी ठेवावे, असे त्यांनी शिकविले (तिर्मिजी). ही शिकवण आचरणात आणण्यास कोणतीही भुकटी लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचाच सल्ला आहे.

प्रथिने किराणा दुकानातच मिळतात. मटकी, चवळी, हरभरा रात्री भिजत घाला, सकाळी कुकरच्या दोन-तीन शिट्ट्यांत उसळ तयार होते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. कोरड्या सोयाबीन वड्यांच्या 100 ग्रॅममध्ये ती सुमारे 50 ग्रॅम असतात आणि एवढ्या वड्या चौघांच्या रश्श्याला पुरतात. दुपारच्या भुकेसाठी पिशवीत मूठभर फुटाणे ठेवा. मासे खाणाऱ्यांनी पापलेटचा भाव विचारीत बसू नये. बांगडा आणि मांदेली पोषणात कमी नाहीत, मात्र तळण्याऐवजी कालवण करावे.

ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर आणि फळ यांनी भरावा, उरलेल्या अर्ध्यात पोळी, भाकरी किंवा भात आणि डाळ वा उसळ घ्यावी. मोसमातील भाजी नेहमीच स्वस्त पडते आणि रात्री भाजीवाला माल आवरताना भाव उतरवितो. ज्यांना स्वयंपाकास वेळ नाही, त्यांच्यासाठी डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रांची कमतरता नाही. तेथून पोळ्या आणाव्यात आणि उसळ खोलीवर करावी.

एकट्याने हे अवघड वाटते, चौघांनी मिळून सोपे होते. दोघांचे अन्न तिघांना आणि तिघांचे चौघांना पुरते, असे प्रेषितांनी सांगितले आहे (बुखारी, मुस्लिम). एक पातेले, एक भाजीची पिशवी आणि पाळीने स्वयंपाक, यात खर्च विभागला जातो. शिवाय सोबत्यांच्या ताटाकडे पाहून आपलाही हात आवरता येतो.

उपासमार म्हणजे रोजा नव्हे

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. परीक्षेच्या दिवसांत जेवण सोडून केवळ काळ्या चहावर राहणारे विद्यार्थी आढळतात. काही जण याला रोज्याचे नाव देतात. रोज्याचा हेतू ईशपरायणता, अर्थात तक्वा, आहे (सूरह अल्-बकरा : 183). सोमवार-गुरुवारचे ऐच्छिक रोजे जरूर ठेवावेत, त्यामुळे शरीरालाही लाभ होऊ शकतो. परंतु नियत अल्लाहसाठी असावी, कमरेच्या मापासाठी नव्हे. सहरी टाळू नये, तिच्यात बरकत असल्याचे प्रेषितांनी सांगितले आहे. आणि दिवसभराचा संयम इफ्तारच्या वेळी भजी, समोसे आणि गोड सरबतांत बुडवू नये. रमजानमध्ये वजन वाढत असेल, तर तो दोष रोज्याचा नाही, आपल्या दस्तरखानाचा आहे.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) सतत रोजे ठेवीत आणि रात्रभर नमाज पढत. प्रेषितांना हे कळले, तेव्हा त्यांनी त्यांना रोखले आणि तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, अशी जाणीव करून दिली (बुखारी). उपासनेसाठीदेखील शरीराचा हक्क मारण्यास अनुमती मिळाली नाही. मग आरशासाठी ती कशी मिळेल? आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली जाते. चार महिन्यांच्या एका सत्रात ती आठ किलोपर्यंत जाते. दिवसाचा आहार 1000 कॅलरींच्या खाली नेऊ नये. चक्कर येत असेल, पाळी अनियमित झाली असेल, थायरॉइड वा मधुमेहाचा संशय असेल, तर प्रयोग थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. डोंबिवलीतील शास्त्रीनगर, कल्याणातील रुक्मिणीबाई आणि कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही महापालिकांचीच रुग्णालये आहेत.

पाय आणि पायवाट

व्यायामशाळेचे शुल्क परवडत नसेल, तर खेद करू नये. डोंबिवली स्टेशनवरून मानपाड्याकडे शेअर रिक्षाने जाणाऱ्याने अर्ध्या वाटेवर उतरून उरलेली वाट पायी चालावी. पाचही वेळच्या नमाजला मशिदीत पायी जावे. दिवसाला 30 ते 45 मिनिटे झपाट्याने चालणे हा कोणालाही परवडणारा व्यायाम आहे.

भगिनींनीही यात मागे राहू नये. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की, एका प्रवासात त्यांनी प्रेषितांशी धावण्याची शर्यत लावली आणि जिंकली. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित जिंकले आणि त्या वेळची फेड झाली, असे हसत म्हणाले (अबू दाऊद). या प्रसंगात वाढलेल्या वजनाबद्दल टोमणा नाही, लाज नाही. सोबत धावणे आहे आणि प्रेमाचा विनोद आहे. खोलीतील जाड मित्राला रोज नवे नाव ठेवणाऱ्यांनी हा प्रसंग आणि सूरह अल्-हुजुरातची अकरावी आयत एकत्र वाचावी; तीत एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई आहे. कित्येक मुले भुकेने नव्हे, तर याच अपमानाने जेवण सोडतात.

दोन तराजू

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या काटकुळ्या पोटऱ्या पाहून काही सोबती हसले. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की, अल्लाहच्या तराजूत हे पाय उहुद पर्वताहूनही जड भरतील (मुस्नद अहमद). स्टेशनवरचा वजनकाटा शरीर मोजतो. त्याकडे लक्ष द्यावे, कारण शरीर ही ठेव आहे. परंतु त्या आकड्यावर आपली किंमत ठरत नाही. ती दुसऱ्या तराजूत ठरते.

आज रात्री झोपण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. आज मी भूक नसताना काय विकत घेतले? आज माझ्या शरीराचा कोणता हक्क मी डावलला? जे पैसे वाचले, त्यातून भुकेल्या शेजाऱ्याचा वाटा काढला काय? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर आपल्या ताटातून कमी झालेला घास दुसऱ्या ताटात पोहोचला असे समजावे.

अल्लाह आपणा सर्वांना मध्यम मार्गावर ठेवो, आरोग्य देवो आणि आपल्या अल्प धनात बरकत देवो. आमीन.